मोटर बदलण्याआधी पट्ट्याखाली हात घालून पाहा

तुमचा प्रश्न वाचला. देवगडजवळ समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर, ग्रिल लावून बंद केलेल्या पडवीत दोन वर्षांपूर्वी घेतलेली दोन एचपीची ट्रेडमिल, आणि तिच्यावर रोज अर्धा तास ताशी तीन किलोमीटरने चालणारे तुमचे बाबा. अँजिओप्लास्टी झालेली, वजन ८२ किलो. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी स्विच टाकला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा घरचा स्विच, पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला टिकतो. पाऊल टाकलं की पट्ट्याला झटका बसतो. दहा-बारा मिनिटांत मशीन थांबून ई-०५ दाखवतं. पट्टा डावीकडे सरकतो. मेकॅनिकने पट्टा चांगला ताणून दिला, तरी फरक नाही, म्हणून आता ‘मोटर आणि कार्ड (मोटरला वीज देणारं सर्किट बोर्ड) दोन्ही गेलं, बदलावं लागेल’ असं सांगितलंय. तो म्हणतो ते बरोबर का, आणि कोकणच्या हवेत हे मशीन टिकवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत व्यायामशाळांची आणि घरातली मशीनं दुरुस्त करतोय. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझं मत स्पष्ट आहे. मोटर आणि कार्ड बहुधा अजून जिवंत आहेत, पण मरणाच्या वाटेवर आहेत. आत्ता नवी टाकलीत तर नवीही त्याच वाटेने जातील, कारण त्यांना मारणारी गोष्ट मशीनमध्ये तशीच राहील. ती गोष्ट म्हणजे पट्टा आणि फळी यांच्यामधलं घर्षण.

पट्ट्याखाली एक फळी असते. ती एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली, वर गुळगुळीत थर दिलेली. माणूस पाऊल टाकतो तेव्हा त्याचं सगळं वजन पट्ट्याला फळीवर दाबतं, आणि तो दाबलेला पट्टा मोटरने ओढून न्यायचा असतो. मध्ये सिलिकॉन तेलाची पातळ साय असेल तर तो अलगद सरकतो. ती सुकली की मोटरला जास्त ताकद लावावी लागते, म्हणजे ती जास्त करंट घेते. तो करंट कार्डातून जातो, कार्ड तापतं आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतं. ई-०५ हा बऱ्याच मशीनमध्ये जादा करंटचाच कोड असतो. कंपनीगणिक अर्थ बदलतात, म्हणून तुमच्या पुस्तिकेत एकदा पाहा, पण दहा-बारा मिनिटं चालून मग थांबणं हे तापण्याचंच लक्षण आहे. खरोखर जळालेलं कार्ड इतका वेळ चालत नाही.

बाबा हळू चालतात म्हणून मशीनवर ताण कमी, असं तुम्हाला वाटत असेल. उलट आहे. अशा मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरतो आणि वारा कमी लागतो. वजनदार माणूस कमी वेगाने चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल पट्ट्यावर जास्त वेळ टेकलेलं राहतं आणि मोटर त्या दाबाविरुद्ध ओढत राहते. सावकाश चालणाऱ्या वयस्क माणसांच्या मशीनला म्हणूनच जास्त तेल लागतं, आणि नेमकं तिथेच ते कुणी घालत नाही.

आता हे पाहा. स्विच बंद करून प्लग काढा. नुसता स्विच पुरेसा नाही, प्लग भिंतीतून बाहेर हवा. मग पट्ट्याची कड मधोमध उचला आणि हात पालथा करून फळीवर आतपर्यंत न्या, जिथे पाय पडतात तिथे. बोटांना किंचित बुळबुळीत, ओशट थर लागला तर तेल आहे. कोरडं, खरखरीत लागलं, किंवा बोटांवर काळपट-तांबूस भुकटी आली, तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हातात आलं. ती तांबूस भुकटी म्हणजे आपली लाल माती. खळ्यातून चपला तशाच घेऊन माणूस पट्ट्यावर चढतो, माती कडेने आत जाते आणि पॉलिश पेपरसारखी फळी घासत बसते. बाबांसाठी एक जोडी बूट फक्त मशीनपुरती वेगळी ठेवा.

हात आत आहे तोवर फळीच्या कडाही चाचपा. एमडीएफचा खरा शत्रू पाणी. कड फुगून ओबडधोबड झाली असेल, नखाने पापुद्रे निघत असतील, तर फळी सादळली आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्यानंतर मी तिथल्या बऱ्याच घरांत गेलो. चिखलात बुडालेल्या काही मोटरी धुऊन, वाळवून पुन्हा फिरल्या. फळी मात्र एकही वाचली नाही, पावासारखी फुगून आलेली. पडवीत झड येते तिथे हेच सावकाश, वर्षानुवर्षं घडतं. थोडी फुगलेली फळी तासून चालत नाही, वरचा थर गेला की संपली. काही मशीनमध्ये फळीला दोन्ही बाजूंनी थर दिलेला असतो आणि ती उलटी करून बसवता येते. तुमची तशी असेल तर दुसरा जन्म मिळेल.

फळी ठीक निघाली तर तेलाकडे या. आधी कोरडं सुती फडकं पट्ट्याखाली दोन्ही बाजूंनी धरून, घुसळणीच्या दोरीसारखं मागेपुढे ओढत सगळी भुकटी काढा. साबण-पाणी नको. मग शंभर टक्के सिलिकॉन तेल, ट्रेडमिलसाठी म्हणून मिळतं तेच. पट्टा एका बाजूने उचलून साधारण दहा मिली आत, पाय पडतात त्या भागावर नागमोडी सोडा, तेवढंच दुसऱ्या बाजूने. पट्टा, वर कुणी न चढता, ताशी तीन किलोमीटरने पाच मिनिटं फिरवा आणि मग कुणीतरी हलक्या वजनाचं माणूस सगळी रुंदी धरून थोडं चाललं की तेल पसरतं. फार सुकलेल्या पट्ट्याला दुसऱ्या दिवशी एवढंच आणखी. जास्त घालू नका. जादा तेल कडेने गळतं, रोलरवर जातं, त्यात धूळ कालवली जाते आणि पट्टा घसरायला लागतो. आणि पुस्तिकेत तेल घालूच नका असं स्पष्ट लिहिलं असेल तर फळी मेण दिलेली आहे, तिथे हे करू नका.

खोबरेलाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे हाताशी तेच असतं. वेंगुर्ल्याजवळ एका आजींच्या घरी गेलो होतो. त्या म्हणाल्या, ‘‘मियां खोबरेल घातलंय, दोन दिस बरा चलला.’’ खरंच दोन दिवस चांगलं चाललं असणार. नंतर थंडी आली, खोबरेल थिजलं, खवट झालं, मुंग्या लागल्या आणि पट्टा फळीला चिकटून बसला. पट्टा सोडवताना त्याच्या खालचं कापडच फळीवर राहिलं. शिवणयंत्राचं तेल, गाडीचं इंजिन ऑईल, गंज सोडवायचा स्प्रे, हे सगळं तसंच वाईट. पट्ट्याचा थर त्यांनी फुगतो किंवा कडक होतो.

पट्टा ताणून झटका जात नाही, हे तुमच्या मेकॅनिकच्या लक्षात यायला हवं होतं. सुकलेला पट्टा पावलाखाली अडकतो, तो ढिला वाटतो, म्हणून ताणला जातो. ताणल्याने पुढच्या-मागच्या रोलरच्या बेअरिंगवर ओझं वाढतं आणि मोटरला आणखी जोर लागतो. म्हणजे दुखणं वाढवणारं औषध. तेल घातल्यावर पट्टा मधोमध कडेला धरून उचलून पाहा. फळीपासून साधारण पाच ते सात सेंटीमीटर सहज उचलला गेला पाहिजे. तुमचा बहुधा तेवढा उचलणार नाही. मागच्या रोलरच्या दोन टोकांना दोन बोल्ट आहेत, मशीनबरोबर आलेली एल-की त्यांनाच लागते. दोन्ही अर्धा-अर्धा फेरा, अगदी सारखे, सैल करा आणि पुन्हा उचलून पाहा.

तरीही झटका राहिला तर तो कुठून येतो ते नजरेने कळतं. पुढचं झाकण काढून, हात, ओढणी, सदऱ्याची टोकं लांब ठेवून, कमी वेगाने मशीन चालवा आणि धडधाकट माणसाला पट्ट्यावर पाय रोवून चालायला सांगा. तुमच्या बाबांना नाही. झटक्याच्या क्षणी पुढचा रोलर फिरत राहिला आणि पट्टाच थांबला, तर चालायचा पट्टा ढिला. मोटर फिरत राहिली आणि रोलर थांबला, तर त्या दोघांमधला बारीक खाचांचा पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालाय. मोटरच थांबली, तर दोष वीज, मोटरमधले कार्बन ब्रश किंवा कार्डाकडे.

डावीकडे सरकणाऱ्या पट्ट्याचं बघण्याआधी जमीन बघा. जुन्या घरांच्या पडव्यांना पाणी वाहून जावं म्हणून बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. त्या उतारावर ठेवलेली फ्रेम किंचित पिळवटते आणि पट्टा कितीही सरळ केला तरी आठवड्यात पुन्हा पळतो. गवंड्याकडची लेव्हल फ्रेमवर आडवी ठेवा, खालचे पाय फिरवून मशीन सपाट करा. मग मशीन मोकळं, ताशी पाच किलोमीटरने चालवा. पट्टा डावीकडे जात असेल तर एरवी डावा बोल्ट पाव फेरा घट्ट करतात. पण तुमचा पट्टा आधीच जास्त ताणलेला आहे, म्हणून उजवा बोल्ट पाव फेरा सैल करा. दोन मिनिटं थांबा, बघा, मगच पुढचा पाव फेरा. घाई केली की पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन कातरला जातो.

आता आरसीसीबी. सकाळी पहिल्यांदा पडतो आणि नंतर टिकतो, हे ओलाव्याचं बोलणं आहे. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजतात, त्यांची काळी पूड मोटरच्या आतच बसते. कार्बनमधून वीज वाहते. त्या पुडीत खाऱ्या हवेचा ओलावा रात्रभर मुरला की वाइंडिंगपासून, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीपासून, मोटरच्या लोखंडापर्यंत बारीकशी वाट तयार होते आणि थोडी वीज अर्थिंगकडे गळते. घरचा आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, त्याला एवढी गळती पुरते. तो त्याचं काम चोख करतोय. कुणी ‘आरसीसीबी नाजूक आहे, बायपास करू या’ किंवा ‘प्लगची जाड पिन (अर्थिंगची) काढू या’ म्हणालं, तर त्या माणसाला मशीनला हात लावू देऊ नका. ओल्या पावसात, घामेजल्या हाताने लोखंडी दांडा धरलेला हृदयरोगी आणि मध्ये संरक्षण नाही, हा विचारही मला सहन होत नाही.

झाकण काढून आत काम करायचं तर प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबा. कार्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट साठलेले असतात आणि ते हळूहळू उतरतात. मग मऊ ब्रश आणि ब्लोअरने मोटरमधली काळी पूड उडवा, नाकाला रुमाल बांधून. त्यानंतर साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब मोटरजवळ, पण वायर आणि प्लॅस्टिकपासून हातभर लांब, दोन-तीन तास लावून ठेवा आणि लक्ष ठेवा. ऊब लागली की ओल जाते. वायरमनकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर मोटरच्या वायरी आणि बॉडी यांच्यातला इन्सुलेशनचा आकडा घ्यायला सांगा. एक मेगओमच्या वर आला तर मोटर बदलायचं कारण उरत नाही. वाळवूनही शून्याजवळच राहिला तर मेकॅनिकचं म्हणणं खरं, मी माझा शब्द मागे घेतो.

ब्रशही त्याच वेळी पाहा. मोटरच्या दोन बाजूंना दोन टोप्या असतात. ब्रश बाहेर काढताना वरची बाजू कुठली, ते पेनाने खूण करून ठेवा, कारण ते गोलाईत झिजलेले असतात आणि उलटे बसवले तर ठिणग्या उडतात. मूळ लांबीच्या एक तृतीयांशावर आले असतील, किंवा एक लांब आणि एक आखूड असेल, तर दोन्ही बदला. ते ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात त्या सारख्या तपकिरी असतील तर मोटर निरोगी. काळ्याकुट्ट, चरे पडलेल्या असतील तर तिने खूप सोसलंय.

वीजपुरवठ्याकडे फार थोडे लोक बघतात. हे मशीन सोळा अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच हवं, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. कुणी धडधाकट माणूस पंधरा मिनिटं चालल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि पिना बोटाने चाचपा. कोमट असतील तर ठीक. चटका बसत असेल तर सॉकेटच्या आतली पितळी पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडून ढिली झालीय. नवा चांगला सॉकेट लावा, दुरुस्तीत याहून स्वस्त काम दुसरं नाही. मग मल्टीमीटरने व्होल्टेज पाहा, मशीन मोकळं असताना आणि कुणी चालत असताना. संध्याकाळी आसपासचे पंप सुरू झाले की आपल्याकडे १८० पर्यंत उतरलेलं मी अनेकदा पाहिलंय. तसं असेल तर बाबांनी सकाळी चालावं, किंवा तीन केव्हीएच्या आसपासचा चांगला स्टॅबिलायझर घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल कधीच नाही.

अर्थिंगचं आपल्याकडे वेगळं दुखणं आहे. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये इतकी वाळते की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या फार वर दिसलं तर आधी ते काम करून घ्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा, तसंच लाईट गेल्यावर, प्लग बाहेर काढून ठेवा. लाईट परत येतानाच्या झटक्याने गेलेली कार्डं मी जास्त पाहिली आहेत.

एवढं करून मशीन अर्धा तास सलग चाललं, तर मोटर आणि कार्डाचा विषय संपला. फरक आकड्यात बघायचा असेल तर वायरमनचा क्लॅम्प मीटर फेज वायरीला लावून, तोच माणूस, तोच वेग, तेल घालण्याआधी आणि नंतर, असं मोजा. कणकवलीतल्या एका मशीनवर मला सातचे चार अँपिअर झालेले दिसले होते, दुसरं काहीही न बदलता. आकडा उतरला नाही तर रोलरची बेअरिंगं फिरवून पाहा. घरघर, खरखर वाटली तर तीच दोषी. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तोच घेऊन पंपाच्या किंवा मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात जा आणि दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मागा. पत्र्याच्या सीलमधून खारी हवा आत शिरते.

कार्ड बदलायची वेळ आलीच, तर जुनं परत मागा आणि ते कशाने गेलं हे मेकॅनिकला विचारा. एकदा जळक्या कार्डावर दोन टोकांच्या मध्ये पाल मेलेली निघाली होती. तिथे नवं कार्ड टाकण्याइतकंच झाकणाच्या फटीला बारीक जाळी लावणं महत्त्वाचं होतं. मात्र हवा जायची वाट बंद करायची नाही. नवं कार्ड बसवण्याआधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या पारदर्शक लॅकरचा हात त्यावर मारून घ्या, कनेक्टर झाकून. किनाऱ्यावर त्याने आयुष्य वाढतं. हमी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा.

दुरुस्ती होईपर्यंत बाबांना मशीनवर चढू देऊ नका. अचानक थांबणारा पट्टा माणसाला पुढे फेकतो. नंतरही लाल दोरीची, ओढली गेली की मशीन थांबवणारी चुंबकी किल्ली सदऱ्याला चिमट्याने अडकवूनच चालायचं. ती बहुतेक घरांत कन्सोलवर तशीच चिकटवलेली असते, दोरी लोंबत. मागे भिंतीपर्यंत दोन मीटर मोकळे ठेवा.

जागा शक्य असेल तर बदला. पडवीतून मशीन माजघरात किंवा आतल्या खोलीत, चिऱ्याच्या ओलसर भिंतीपासून दोन फूट लांब, खाली जाड रबरी चटई. वर्षाचं वेळापत्रक मी लोकांना असं देतो: मिरग लागण्याआधी मेअखेर पूर्ण सफाई आणि तेल, आषाढात पट्ट्याखाली हात घालून पाहणी आणि लागलं तर तेल, गणपतीचे पाहुणे गेले की पुन्हा सफाई-तेल, कारण त्या दिवसांत पोरांनी मशीन भरपूर पळवलेलं असतं, आणि जानेवारीत एकदा. पावसाळ्यात बाबा चालोत न चालोत, दिवसाआड दहा मिनिटं मशीन मोकळं फिरवा. स्वतःच्या उबेने मोटर कोरडी राहते. दांड्यांवर ओले कपडे वाळत घालू नका. ते पाणी कन्सोलच्या बटणांतून आत उतरतं.

झाकायला प्लॅस्टिक वापरू नका, त्याच्या आत रात्रभर घाम धरतो आणि सकाळी आरसीसीबी पुन्हा पडेल. जुनी सुती साडी दुहेरी करून टाका, आणि चालायच्या आधी ती पूर्ण काढून बाजूला ठेवा, मोटरच्या झाकणावरूनसुद्धा.